सदाशिव पेठेतल्या मेसच्या काकू आणि लाल वहीतली बाकी

वहीवाली_भाची:
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय, चूकभूल द्यावी घ्यावी.
नागनाथ पाराकडून आत शिरणाऱ्या बोळात, वाड्याच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमधे जी मेस होती (बोर्ड कधीच नव्हता, बाहेर चपलांचा ढीग दिसला की समजायचं), ती चालवणाऱ्या काकू गेल्या महिन्यात गेल्या. माझी सख्खी मावशी. झोपेतच गेली, आदल्या रात्री शेजारणीला तुमच्या पुरणात जायफळ जास्त झालंय हे ऐकवून. मेस २०२२ लाच बंद झाली होती, वाडा पाडायला घेतला तेव्हा.
आता मुद्द्याचं. तिचं कपाट आवरताना तीन वह्या मिळाल्या. अप्पा बळवंत चौकातून दर दिवाळीला आणायची त्या लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या, मेसच्या हिशोबाच्या. बाकीच्या वर्षांच्या कुठे गेल्या म्हणून विचारलं तर शेजारच्या काकांना तिचा नियम पाठ होता. सगळ्यांचा हिशोब चुकता झाला की वही रद्दीत, किंवा पानं फाडून फळीवर डब्यांखाली. ज्या वहीत कुणाची बाकी आहे ती मात्र हलवायची नाही. म्हणून या तीन उरल्यात. एक १९९३ ची, दोन अलीकडच्या.
अडचण अशी की वहीत एकाही मेंबरचं नाव नाही हो. जे आहे ते असं: दीड पोळी. वरण नको. उमरगा. खाडा. कलेक्टर (खोटा). कलेक्टर (खरा). कांदा. जावई. रविवार. आणि ज्यांची बाकी आहे त्यांच्या आकड्यापुढे तिच्या तिरक्या अक्षरात एकच शब्द, "येईल".
वसुलीला आलेली नाही, आधीच सांगते. ही माणसं कोण ते कळलं तर बरं वाटेल एवढंच. कुणी जेवलंय का तिथे?

टक्कलशास्त्री:
अरे देवा. काकू गेल्या??
"वरण नको" मीच. १९९८ ते २००१, एस. पी. कॉलेजला होतो. पहिल्या दिवशी ताटावर बसलो, काकू वाढत आल्या, मी शहाणपणा करून म्हणालो वरण नको. झालं. पुढची तीन वर्षं त्या सगळ्या पंगतीला वरण वाढून झाल्यावर पळी घेऊन माझ्यासमोर उभ्या राहायच्या आणि आख्ख्या शेडला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायच्या, "वरण नको, वरण हवंय का?" शेवटच्या वर्षी तर मी मुकाट हो म्हणायला लागलो तरी नाव काही बदललं नाही. माझ्या लग्नाला आल्या होत्या, बायकोला स्टेजवर पहिलं वाक्य हेच, की याला वरण वाढत जा, हा नाही म्हणतो पण खातो.
माझी बाकी नसावी. असली तर सांगा, खरंच.

वहीवाली_भाची:
२०१६ च्या वहीत शेवटच्या पानावर पाहुण्यांची यादी आहे, त्यात तुम्ही आहात. "वरण नको, बायको, मुलगी. मुलगी वरण खाते."

टक्कलशास्त्री:
हो, आम्ही गेलो होतो एकदा. मुलगी चार वर्षांची होती तेव्हा. थांबा जरा, नंतर लिहितो.

झणझणीत_नांदेडकर:
भावपूर्ण श्रद्धांजली. मी २०१७ ते २०२०, एमपीएससीच्या तयारीला होतो, नवी पेठेत रूम, रस्त्यापलीकडं अभ्यासिका आणि जेवायला काकू.
आता मराठवाड्यातून आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी गूळ घातलेली आमटी वाढली तर काय होतं ते सांगायला नको, आम्हाला वाटलं गोड पदार्थ आहे, आमचा एक मित्र तर शेवटी खाऊ म्हणून बाजूला ठेवून बसला. आम्ही पाच जण कोपऱ्यात बसून कुजबुजलो की हे काय आहे बा. काकूंचे कान म्हणजे रडार. दुसऱ्या दिवशी आमच्या टेबलावर काचेच्या बरणीत हिरव्या मिरचीचा ठेचा, वर कागद चिकटवलेला: "मराठवाडा. इतरांनी आपल्या जबाबदारीवर." ती बरणी शेवटपर्यंत तिथंच होती. आणि गंमत म्हणजे वर्षभरात पेठेतली पोरंच ती संपवायला लागली म्हणून काकूंनी आम्हाला दुसरी बरणी आतून गुपचूप द्यायला चालू केली.
माझं नाव कांदा. कशामुळं ते विचारू नका. बरं सांगतो, कांद्याचे भाव वाढले की काकू कोशिंबिरीत मुळा घालायच्या आणि मी रोज विचारायचो, काकू कांदा?

पावशेर:
सगळे इतकं छान छान लिहितायत म्हणून थोडं उलटं लिहितो, काकूंना आवडलं असतं.
गुरुवारची आमटी पाणीदार असायची. असायचीच. दुपारची उरलेली डाळ वाढवलेली असायची आणि काकू ते मान्यही करायच्या, "आज आमटी नाही, आज आमटीची आठवण आहे" म्हणायच्या. गॅस वाचवायला पोळ्या अकरा वाजताच करून ठेवायच्या. खाडा धरायचा असेल तर आदल्या दिवशी रात्री आठच्या आत सांगायचं, सलग तीन दिवस असतील तरच, आठ वाजून पाच मिनिटांनी सांगितलं तर घड्याळाकडे बोट. माझा एकदा दोन दिवसांचा खाडा धरला नाही म्हणून मी महिनाभर फुगून दुसऱ्या मेसला गेलो होतो. परत आलो तेव्हा काही बोलल्या नाहीत, फक्त ताट वाढून म्हणाल्या, "तिकडची भाजी बारीक चिरतात का रे?"
आणि हो, लोकांची पत्रं वाचायच्या. पोस्टकार्ड असेल तर वाचून, मजकूर सांगून मगच हातात द्यायच्या. माझ्या वडिलांनी लिहिलेल्या शिव्या मला काकूंच्या आवाजात आठवतात.

मुळामुठा:
पावशेर +१. पोस्टकार्डाचं अगदी खरं. "आईला गुडघ्याला तेल लावायला सांग, मी सांगितलं म्हणून कळव" हे उत्तरही त्याच सांगायच्या.
मी मेंबर नव्हतो, त्याच वाड्यात पुढच्या बाजूला भाड्यानं राहायचो, त्यामुळे सगळं गॅलरीतून बघितलंय. भिंतीवर खडूनं लिहिलेल्या पाट्या कुणाला आठवतायत का? मला दोन पक्क्या आठवतात. "उशिरा येणाऱ्यास उरलेले मिळेल. लवकर येणाऱ्यास कच्चे मिळेल." आणि हात धुवायच्या मोरीपाशी "येथे गाणी म्हणू नयेत. चूळ भरताना तर नकोच."
पानशेतची गोष्ट तर त्यांनी प्रत्येकाला सांगितली असणार. १२ जुलै १९६१ ला त्या नऊ वर्षांच्या, शनिवार पेठेत, ओंकारेश्वराच्या बाजूला राहायच्या, म्हणजे नदी दारातच. पानशेतच्या बांधावर जवानांनी वाळूची पोती रचून रात्र काढली म्हणून धरण रात्रीच्या झोपेत फुटलं नाही, सकाळी फुटलं, हे सांगताना काकू हात जोडायच्या. पुढचा भाग मात्र दर वर्षी वाढायचा. १९९० च्या सुमारास मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पाणी जिन्याच्या सातव्या पायरीपर्यंत आलं होतं. मग नववी. मग अकरावी. २०१० पर्यंत पाणी माडीवर पोचलं होतं आणि पितळी घंगाळात बसून त्यांची आजी तरंगत होती. मी एकदा म्हणालो, काकू, त्या जिन्याला पायऱ्या होत्या तरी किती? तर म्हणाल्या, "वाडाच राहिला नाही तर तू पायऱ्या मोजणार कुठे?"
हे त्या हसत म्हणाल्या होत्या. वाडा खरंच राहिला नव्हता, मातीच्या भिंती, दोन दिवसांत बसल्या. नंतर ते लोक गोखलेनगरला पूरग्रस्तांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या निसेन हटमधे राहिले काही वर्षं. पत्र्याच्या शेडमधे चाळीस जणांचा स्वयंपाक करताना उकडत नाही का विचारलं की म्हणायच्या, "सवय आहे, माझं शिक्षणच पत्र्याखाली झालं."

कलेक्टर_खोटा:
ओळख पटली. हजर.
आम्ही दोघं रूममेट, दोघंही यूपीएससी करतो म्हणून सांगायचो. तो पहाटे चारला उठायचा, मी अकराला. काकूंनी आठवड्याभरात निकाल लावून टाकला. खरा कलेक्टर आता नायब तहसीलदार आहे, खोटा चाकणला एका कंपनीत पर्चेसमधे आहे, दोघांनाही लाल दिवा मिळाला नाही, मिटलं.
८ नोव्हेंबर २०१६ आठवतंय ना? रात्री आठला, म्हणजे बरोब्बर पंगतीच्या वेळेला, पाचशे हजारच्या नोटा बंद. शेडमधे एक मिनिट सन्नाटा, आणि मग ज्यांनी सहा सहा महिने काकू पुढच्या महिन्यात, काकू मनीऑर्डर, काकू एटीएम बंद असं चालवलं होतं ती सगळी पोरं पळत रूमवर जाऊन पाचशेच्या नोटा घेऊन हजर, इतकी वसुली त्या मेसच्या इतिहासात झाली नसेल. काकूंना सगळं कळत होतं. प्रत्येकाची घेतली, वहीत लिहिली, डब्यात टाकली, आणि झाकण लावून म्हणाल्या, "छान. आता बँकेच्या रांगेत कोण उभं राहणार ते पण तुम्हीच ठरवा." चिठ्ठ्या टाकल्या. सुरुवातीला एकाला चार हजारच बदलून मिळत होते, तेव्हा आम्ही नऊ जण आपापली आधार कार्डं घेऊन लक्ष्मी रोडवर रांगेत, आणि अकरा वाजता काकूंनी पाठवलेला चहा आणि भडंग. माझ्यामागे उभे असलेले एक आजोबा विचारत होते ही कुठली संस्था आहे.

झणझणीत_नांदेडकर:
शास्त्री रोडचं राहिलं की. मार्च २०२१. १४ तारखेची राज्यसेवा पूर्वपरीक्षा ११ तारखेला पुढं ढकलली, पोरं रस्त्यावर बसली, मी त्या वेळी गावाकडून परीक्षेसाठीच परत आलेलो. संध्याकाळ झाली, पोलीस आहेत, चॅनेलवाले आहेत, घोषणा चालू, आणि गर्दीतून काकू. सत्तरीला टेकलेल्या, मास्क हनुवटीवर, हातात पिशवी. पोलिसांनी अडवलं तर म्हणाल्या, माझी मुलं आहेत आत, किती आहेत विचारलं तर म्हणाल्या मोजलेली नाहीत. आम्हाला शोधून काढलं आणि ओरडल्या, "रस्ता अडवा, सरकार पाडा, पण पोळ्या गार होतायत." आम्ही म्हणालो काकू उठलो तर आंदोलन मोडतं. मग पाळी लावून दिली, दहा जण जेवून येतील तोवर दहा बसतील. दुसऱ्या दिवशी २१ तारीख जाहीर झाली. काकूंनी श्रेय घेतलंच.

उमरग्याचा:
हा धागा मला माझ्या पुतण्याने पाठवला. टायपिंगची सवय नाही, चुका सांभाळून घ्या.
१९९३ च्या वहीतला उमरगा मी. आमचं गाव तेव्हा उमरगा तालुक्यात, तेरणेच्या काठचं. मी फर्ग्युसनला दुसऱ्या वर्षाला होतो. विसर्जनाची रात्र, आम्ही मेसचे सहा सात जण रात्रभर अलका टॉकीजच्या चौकात मिरवणूक बघत होतो, ३० सप्टेंबरची पहाट, तीन छप्पन्नला तिकडं भूकंप होऊन सगळं झालं, आणि ढोलताशात आम्हाला काही कळलं नाही. कुणाला कळलं असेल तर मला माहीत नाही, मी तरी नाचत होतो. सकाळी सातला मेसवर चहाला गेलो तर काकू रेडिओपाशी. मला बघून रेडिओ बारीक केला. मग परत मोठा केला.
आमच्याकडची घरं म्हणजे दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती आणि वर मातीचं माळवद. उन्हाळ्यात गार. ते सगळं झोपलेल्या माणसांवर. मला काय झालं असणार ते रेडिओचं पहिलं वाक्य ऐकलं तेव्हाच कळलं. एसटीडी बूथवर दोन तास उभा राहिलो, लाईन लागली नाही. परत आलो तेव्हा काकूंनी मेसच्या डब्यातले सहाशे रुपये काढून ठेवलेले. त्या वेळी महिन्याची मेस साडेतीनशे होती. जुन्या धोतराच्या फडक्यात पोळ्या आणि कोरडं पिठलं बांधलेलं, मोठं बोचकं होतं, मला म्हणाल्या, "तुझ्यासाठी नाही, तिथं चूल पेटली नसेल." स्वारगेटपर्यंत चालत आल्या माझ्याबरोबर, रात्रीच्या मिरवणुकीनं रस्ते बंद होते, गुलालात पाय भरत होते. एसटीत बसवलं, कंडक्टरला सांगितलं याला सोलापूरला उतरल्यावर पुढची गाडी दाखवा.
आई आणि धाकटा भाऊ गेले. वडील शेतात झोपायला गेलेले म्हणून राहिले. त्या पोळ्या वाटल्या.
दिवाळीनंतर परत आलो. मी म्हणालो मेस परवडणार नाही, तर म्हणाल्या जेव, मग बघू. नोकरी लागल्यावर १९९६ ला सहाशे घेऊन गेलो. म्हणाल्या, वही सापडत नाहीये, सापडली की कळवते. मी परत गेलो २००४ ला. तेव्हाही वही सापडत नव्हती.

वहीवाली_भाची:
काका, वही समोर आहे. ऑक्टोबरच्या पानावर तुमच्या ओळीत खाडा लावलेला नाही. आडवी रेघ मारून लिहिलंय, "गावी. हिशोब धरू नये." आणि खाली ६००, "येईल".
ही वही कपाटात सगळ्यात वर होती, स्टीलच्या डब्यांच्याही वर, तिला स्टुलाशिवाय हात पोचत नसे.

उमरग्याचा:
बरं.

निळाशाई:
वाचतेय सकाळपासून. एक विचारायचं होतं, म्हणजे सांगायचंही होतं. वहीत आडनावं नाहीत हे माझ्या नवऱ्याला दाखवलं तर तो म्हणाला, मला माहितीये. तो २००८ मधे परभणीहून आलेला. पेठेत रूम शोधताना पहिला प्रश्न नाव, दुसरा आडनाव, आणि आडनाव ऐकलं की रूम कालच गेली. अकरा रूम "कालच" गेल्या होत्या. मेसला गेला तेव्हा तो तयारीनंच गेला होता. काकूंनी विचारलं, "तिखट खातोस? पोळ्या किती?" त्यानं घाबरून दीड सांगितलं. वहीतला दीड पोळी तो. खरं तर सहा खातो.

पावशेर:
मी १९८९ चा मेंबर, मला आडनाव विचारलं होतं. मला आणि सगळ्यांना. तेव्हाच्या वहीत आडनावंच असायची, मी बघितलीयत. नंतर कधी बदललं माहीत नाही. काकू पहिल्यापासून तशा होत्या असं नका धरू.

मुळामुठा:
पावशेर बरोबर आहे. मधे वाड्यात यावरून वाजलं होतं. दोन बिऱ्हाडांनी मालकाकडे तक्रार केली, तुमच्या मागच्या शेडमधे कोणकोण येऊन जेवतं ते बघा म्हणून. मालक वही बघायला आले. काकूंनी आतून वही आणून दिली, उघडून, त्यात चष्मा, लंबू, साखर जास्त, दोन नंबरचा भाऊ. मालक पानं उलटत बसले. काकू म्हणाल्या, "सापडलं का कोणी?"
त्यानंतर वही तशीच राहिली बहुतेक. तक्रार करणाऱ्यांपैकी एकांच्या घरी आजारपण झालं तेव्हा दोन महिने डबा काकूंकडूनच जायचा हेही लिहितो. पैसे घेतले. सूट दिली नाही.

निळाशाई:
नवरा म्हणतोय त्याची बाकी किती आहे ते विचार. आणि दुसऱ्या आठवड्यापासून काकू न विचारता सहा वाढायच्या, नाव तेवढं दीड राहिलं.

वहीवाली_भाची:
मधल्या वर्षांच्या वह्या नाहीतच, म्हणजे बाकी नाही! अलीकडच्या वहीत दीड पोळी आहे तो पाहुण्यांच्या यादीत. "दीड पोळी आला होता. नऊ खाल्ल्या."
मालकांचं आम्हाला घरात कुणालाच माहीत नव्हतं.

टक्कलशास्त्री:
परत आलो. एक करूया का, पुढच्या महिन्यात कुठेतरी भेटू. वाडा तर नाही, पण पार आहे. बाहेरगावच्यांना मंडईपर्यंत आता मेट्रो आहे, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटं. मी वरण आणतो, हसू नका.

कलेक्टर_खोटा:
ठेचा नांदेडकरांकडे. आमटी गुरुवारची करायची असेल तर पावशेरला सांगा, त्याला प्रमाण माहितीये. अवांतर: दोडक्याच्या शिरांची चटणी कुणाला जमते का? तीळ, सुकं खोबरं, शिरा मंद आचेवर पार कुरकुरीत होईपर्यंत परतायच्या एवढं मला दिसायचं, पण घरी केली की तशी होत नाही.

वहीवाली_भाची:
चिमूटभर साखर, आणि आच बंद केल्यावर कच्चं तेल एक चमचा. हे तिनं मला शपथ घालून सांगितलं होतं, आता चालेल.
बाकी असलेले अजून दोघं सापडायचेत. जावई (बाकी १२०) आणि रविवार. रविवारचं कोडं सुटत नाहीये. २०१८ ची वही. पैशाच्या रकान्यात काहीच नाही, नुसत्या बरोबरच्या खुणा, वर्षभर, आणि बाकीमधे "स्टीलचा डबा, झाकणासकट. येईल."

मुळामुठा:
रविवारी दुपारी फीस्ट असायची आणि रात्री मेस बंद. सगळ्यांनाच. काकू रात्री घरात एकट्या मुगाची खिचडी टाकायच्या.

गॅलरीखालचा:
नवीन आयडी काढलाय, उत्तर द्यायचं होतं म्हणून.
मी मेंबर नव्हतो. कोपऱ्यावरच्या हॉटेलमधे टेबलं पुसायचो, सतरा वर्षांचा होतो, रविवारी रात्री हॉटेल लवकर बंद व्हायचं आणि तिथलं जेवण मिळायचं नाही. काकू खालून जाताना एकदा म्हणाल्या, मला एकटीला खिचडी जास्त होते, वर ये. एकटीला जास्त होते तर कमी का करत नाही असं मी विचारलं होतं, तेव्हा अक्कल नव्हती. तर म्हणाल्या, पातेलं एवढंच आहे. शेवटच्या रविवारी मी गावी निघालो तेव्हा सोबत डबा दिला होता.
डबा माझ्याकडे आहे. रोज कामावर नेतो. झाकण रूम बदलताना हरवलं, त्यावर दुसऱ्याचं बसवलंय, नीट बसत नाही. तेवढं वहीत लिहून घ्या.